वहिनींचं खातं

गालिच्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना मूळपुरुष म्हणत. घरी बायको नाही, मूल नाही, आणि नाव मात्र मूळपुरुष! पण त्याला कारण होतं. कारखान्याच्या संगणकांवर एक खातं असं होतं की ज्याला कुठलंच दार बंद नव्हतं. त्या खात्याचं नाव 'रूट', म्हणजे मूळ, आणि त्याचा पासवर्ड सबंध कारखान्यात एकट्या यांच्या डोक्यात. कुणाला खातं द्यायचं, कुणाचं काढायचं, कुणाला किती जागा द्यायची, सगळं यांच्या मर्जीवर. हिशेबनीस एकदा चिडून म्हणाला, "हे आमचे मूळपुरुष, यांच्या कृपेशिवाय इथे कुणाचा वंश चालत नाही!" तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्यांना ते मनातून आवडायचंही. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी रस्त्यात कुणी जुन्याने "काय मूळपुरुष?" अशी हाक मारली की स्वारी दिवसभर खुशीत असायची.

त्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, त्याच कारखान्याच्या नक्षीघरात कामाला होत्या. गालिच्याच्या एकेका गाठीला कुठला रंग, हे पडद्यावर बारीक चौकटी भरून ठरवायचं, असं ते काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघणारे डोळे चोळत पळून जायचे. वहिनी घरचं आवरून यायच्या, भिंतीकडच्या वर्कस्टेशनपुढे बसायच्या, त्या एकदम दिवे लावायच्या वेळी उठायच्या. त्यांच्या नक्ष्यांवर विणलेले गालिचे कुठल्या कुठल्या देशांत गेले. पण गालिच्याच्या पाठीला जी चिंधी शिवलेली असे, तिच्यावर कारखान्याचं नाव. वहिनींचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते असायला हवं हे कुणाच्या मनातही आलं नाही. मूळपुरुषांच्याही नाही.

आलं ते शेवटी एका परक्या बाईंच्या मनात. कारखाना बंद पडून जमाना लोटल्यावर एका वस्त्रसंग्रहालयाने तिथले गालिचे मांडायचं ठरवलं. संग्रहालयाच्या बाई जुन्या माणसांना भेटत सुटल्या. ज्याला विचारावं तो म्हणे, नक्षी ना, ती वहिनींची. म्हणून एके दिवशी सकाळी बाई घरी आल्या. दादा, म्हणजे मूळपुरुषांचा भाऊ, जाऊन काही वर्षं झाली होती. खाली वहिनी राहत, वर मूळपुरुष, आणि जेवण एकत्र खाली. वहिनी वाटाणे सोलत बसल्या होत्या. बाईंनी सरळच विषय काढला.

"तुमच्या नावाने एक अख्खं दालन करायचं आहे आम्हाला. फक्त तुमच्या मूळ नक्ष्या मिळायला हव्यात. नुसत्या ऐकीव गोष्टीवर आमची समिती नाव लावत नाही हो."

"मूळ नक्ष्या त्या यंत्रात आहेत," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, कुणी रागवेल की काय अशा आवाजात म्हणाल्या, "आणि त्यांच्यावर माझं नाव आहे."

मूळपुरुषांनी चमकून पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"नक्षीच्या कडेला एक पट्टी सोडावी लागायची," वहिनींनी सांगितलं. "विणताना ती गळून जायची. कुणी तिकडे बघायचं नाही. मग मी तिथे चौकटी भरून माझं नाव लिहायचे. प्रत्येक नक्षीवर लिहिलंय. वेगळं खातं तर नव्हतं मला. म्हटलं, निदान इथे तरी असू दे."

'वेगळं खातं' हे शब्द मूळपुरुषांच्या कानाला टोचले, कारण ते वहिनींनी एकदा मागितलं होतं. नक्षीघरातल्या सगळ्यांना मिळून एकच खातं होतं, 'नक्षी' नावाचं. वहिनी सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आत आल्यासुद्धा नव्हत्या. "भाऊजी, माझ्या नावाचं एक खातं देता का? म्हणजे माझं काम माझ्या नावावर राहील." त्यावर मूळपुरुषांनी काय म्हणावं? "वहिनी, नावात काय ठेवलंय? आणि घरच्या माणसाला दिलं तर उद्या लोक मला नावं ठेवतील." स्वच्छ माणूस म्हणवून घ्यायची त्यांना मोठी हौस. मात्र व्यवस्थापकाचा पुतण्या सुट्टीत महिनाभर पत्ते खेळायला येत होता, त्याला त्यांनी स्वतःहून खातं दिलं होतं, आणि वर जागाही भरपूर दिली होती. वहिनी 'बरं' म्हणून गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

बरं, त्या नकाराचा नुसता मानापमानापुरता संबंध असता तर गोष्ट वेगळी. पण ज्यांची स्वतःची खाती होती त्यांचं सगळं काम सर्व्हरवर राहायचं, आणि सर्व्हरची दर आठवड्याला टेपवर नक्कल निघायची. सामाईक खात्यातलं काम म्हणजे कच्चं काम, ते ज्या त्या वर्कस्टेशनच्या डिस्कवरच पडून राही, त्याची नक्कल नाही. हा नियमही मूळपुरुषांचाच. संग्रहालयाने त्या जुन्या टेपा मिळवून कधीच वाचून घेतल्या होत्या. त्यांत हिशेबनिसाने साठवलेले चावट चुटके सापडले, व्यवस्थापकाचे रजेचे अर्ज सापडले, पुतण्याचे खेळातले गुणसुद्धा सापडले. वहिनींची एकही नक्षी नव्हती. बाईंनी हे हसत हसत सांगितलं, आणि मूळपुरुष खिडकीबाहेर बघत राहिले.

"भाऊजी, निघेल का हो त्या यंत्रातलं?" वहिनींनी विचारलं.

"निघेल का म्हणजे? वहिनी, तुम्ही विचारताय कुणाला!" मूळपुरुष छाती काढून म्हणाले. त्यांना मनापासून वाटलं की जुनं काहीतरी फेडायची ही संधी चालून आली आहे. हा माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःवर फार खूश होता.

कारखान्याच्या नव्या मालकांनी इमारत अजून पाडली नव्हती. नक्षीघराला टाळं होतं, ते उघडून मिळालं. आत धूळ, भिंतीला ओल, आणि टेबलांवर ओळीने ती जुनी वर्कस्टेशनं, वर जाडजूड मॉनिटर ठेवलेली, मान खाली घालून बसल्यासारखी. वहिनी सोबत आल्या होत्या. त्या थेट भिंतीकडच्या यंत्रापाशी गेल्या, रुमालाने त्याची पाठ पुसली आणि शेजारच्या आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. तिचा एक पाय अजून लटपटत होता.

यंत्र चालू करून थेट त्याच्या जुन्या संगणक-प्रणालीतच शिरावं, हा पहिला विचार. पण ती सुरूच होईना, अर्ध्यात येऊन तोंड फिरवून बसे. तेव्हा मूळपुरुषांनी बेत आखला. शेजारी एक कोरी डिस्क लावायची, तिच्यावर युनिक्स नावाच्या प्रणालीच्या भावकीतली एखादी फुकट मिळणारी प्रणाली बसवायची, आणि त्या प्रणालीतून वहिनींची डिस्क वाचून नक्ष्या बाहेर काढायच्या. भावकी म्हटली की भांडणं आलीच. यातली निम्मी मंडळी असल्या जुन्या यंत्रांशी बोलायला तयार नव्हती. शेवटी एक सापडली, जी म्हाताऱ्या यंत्रांना अजून घरात घेत होती.

मग सुरू झाली खरी कटकट. यंत्राला पडदा चालेना, कीबोर्डची निम्मी बटणं रुतलेली. मूळपुरुषांनी एक केबल लावून आपला लॅपटॉपच त्याला पडदा म्हणून जोडला. तर यंत्र म्हणे, मला माझी ओळखच नाही! या यंत्रांच्या पोटात एक चिप असते. यंत्राचं नाव, नेटवर्कवरचा पत्ता, तारीखवार, आवडीनिवडी, सगळं तिच्यात, आणि तिला जिवंत ठेवायला तिच्यातच एक बॅटरी. ती बॅटरी कधीची गतप्राण झाली होती. मूळपुरुषांनी कानशीने चिपचं टोपण घासलं, आत नवी बॅटरी डाख लावून जोडली, आणि यंत्राला पहिल्यापासून शिकवायला बसले. हे तुझं नाव. हा तुझा पत्ता. आजची तारीख ही.

"लहान मुलाला शिकवल्यासारखं चाललंय तुमचं," वहिनी म्हणाल्या.

"आणि मूल आहे ते महाद्वाड आहे," मूळपुरुष म्हणाले. दोघं हसले. कितीतरी दिवसांनी ते असे एकत्र हसत होते.

सीडीवरून प्रणाली चढवावी तर जुनं यंत्र नव्या सीडी ड्राइव्हकडे ढुंकून बघेना. मग नेटवर्कवरून. यंत्राने तारेत तोंड घालून हाक मारायची, 'मी कोण?', आणि लॅपटॉपने उत्तर द्यायचं, 'तू अमुक'. "साधुसंत जन्मभर हाच प्रश्न विचारतात वहिनी, आणि याला तारेवर उत्तर मिळतं," मूळपुरुषांनी टाळी मागितली. पुढे मेमरीची एक पट्टी सडकी निघाली. शेजारच्या यंत्रातली काढून याला लावली. एक अडचण संपली की दुसरी हजर, आणि प्रत्येक सुटली की मूळपुरुष आणखी रंगात येत. आपण अजून मूळपुरुष आहोत, हे त्यांचं त्यांनाच पटत चाललं होतं.

खरी काळजी होती ती वहिनींच्या डिस्कची. इतकी वर्षं पडून ती अडकून बसली होती. कोरी डिस्क शेजारी बसवून झाल्यावर मूळपुरुषांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्या कडेला हलकेच ठोका दिला, आणि ती कुरकुरत फिरायला लागली. आता मात्र तिची वीज तोडायची सोय नव्हती. एकदा थांबली तर पुन्हा फिरेलच याचा नेम नाही.

वहिनी पुढे वाकून त्या दोन डिस्कांकडे बघत होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणी असाव्यात तशा. "भाऊजी, प्रणाली चढवेपर्यंत माझी तेवढी सोडवून ठेवली तर? उगाच घोटाळा नको."

"थांबवली तर मरेल ती. मघाशीच नाही का सांगितलं?"

"तसं नव्हे. पण दोन्ही सारख्याच दिसतायत."

"तुम्हाला सारख्या दिसतात. यंत्राला नाही दिसत. कोरी शून्य नंबरवर आहे, तुमची तीनवर. मी शून्य म्हटलं की शून्य!" ते जरा तोऱ्यात म्हणाले.

माहिती ने-आण करणारी नुसती चपटी तार त्या डिस्कमधून उपसून ठेवली असती आणि विजेची तार तशीच राहू दिली असती, तरी भागलं असतं. डिस्क फिरत राहिली असती आणि तिच्यावर कुणाला काही लिहिता आलं नसतं. चिमूटभर काम. हे मूळपुरुषांना माहीत नव्हतं असं नाही. पण वहिनींनी सुचवल्यावर ते करायचं म्हणजे आपल्या शब्दावर आपलाच भरवसा नाही असं झालं असतं.

पडद्यावर प्रश्न आला: कुठल्या डिस्कवर? खाली दोन्ही नावं, दोन्हींपुढे तेच माप. मूळपुरुषांनी शून्य दाबलं. यावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की? हो. त्यांनी बोट उचललं आणि खुर्चीत मागे रेलले.

यंत्राच्या पोटातून आवाज सुरू झाला. बारीक खरखर, मध्येच दम लागल्यासारखा थांबा, पुन्हा खरखर. वहिनींची मान वर झाली.

"भाऊजी, हा आवाज माझ्या डिस्कचा आहे."

मूळपुरुषांनाही तो ओळखीचा वाटला होता. क्षणभर त्यांचा हात कीबोर्डकडे गेलाही. पण लगेच त्यांनी स्वतःची समजूत घातली, की दोन्ही डिस्का एका डब्यात, डबा पत्र्याचा, आवाज इकडचा तिकडे होणारच. "एकाच डब्यात आहेत वहिनी. तुम्हाला भास होतोय."

"मी इतकी वर्षं हिच्या शेजारी बसलेय हो."

"आणि मी इतकी वर्षं या यंत्रांचं बघतोय."

वहिनींनी हात मांडीवर ठेवले. त्या तो आवाज शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. 

प्रणाली चढली. यंत्र पुन्हा सुरू झालं, पायरी पायरीने ओळी आल्या आणि शेवटी प्रवेशाचं दार उघडलं. मूळपुरुष 'रूट' होऊन आत गेले. आता तीन नंबरची डिस्क उघडायची. त्यांनी आज्ञा दिली. उत्तर आलं: इथे काही नाही. पुन्हा दिली. काही नाही. डिस्क कोरी आहे.

मग त्यांना आठवलं. या यंत्रांच्या मूळ कंपनीची एक खोड होती. तीन नंबरच्या जागेवर जोडलेल्या डिस्कला ती शून्य म्हणायची आणि शून्यवरच्या डिस्कला तीन. का, ते तिचं तिला ठाऊक. सगळ्यांचा गोंधळ व्हायचा म्हणून मूळपुरुषांनीच फार पूर्वी प्रत्येक यंत्राच्या चिपमध्ये शिरून ते आकडे सरळ केले होते. शून्याला शून्य, तीनला तीन. त्या दिवशी त्यांनी केवढी शेखी मिरवली होती! आणि इतकं अंगवळणी पडलं की मुळात ते उलटे होते हेच विसरायला झालं. चिपची बॅटरी गेली, सरळपणा पुसला गेला, यंत्र आपल्या जन्मजात खोडीवर आलं. नव्या चिपला त्यांनी नाव शिकवलं, पत्ता शिकवला, तारीख शिकवली. एवढी एक गोष्ट शिकवायची राहून गेली. त्यांनी चिपमधली ती ओळ काढून पाहिली. तीन, एक, दोन, शून्य. नवी प्रणाली बिचारी यंत्राच्याच सांगण्यावर चालली होती; तिच्या लेखी शून्य म्हणजे वहिनींची डिस्क.

"झालं का?" वहिनींनी विचारलं.

"थोडं अडलंय," मूळपुरुष म्हणाले.  "होईल. तुम्ही घरी जा. मी बघतो."

त्यानंतर किती दिवस ते एकटे नक्षीघरात जात होते, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डिस्कचा कण अन् कण उपसून पाहिला. नवी प्रणाली चांगली ऐसपैस मांडी घालून बसली होती, तिच्याखाली फारसं काही शिल्लक नव्हतं. कुठे किनारीचा तुकडा, कुठे अर्धं पान, कुठे नुसत्या लाल चौकटींची रांग. नाव लिहिलेली पट्टी तर एकही सापडली नाही. एका तुकड्यात नावाचं पहिलं अक्षर आहे असं वाटून ते उठून उभे राहिले होते. नीट पाहिलं तर तो वेलीचा बाक होता.

रोज जेवताना वहिनी विचारत, "आज कुठवर आलं?" आणि हे सांगत, "चाललंय."  शेवटी वहिनींनी विचारायचंच सोडून दिलं. विचारत होत्या तोवर निदान आशा तरी होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

मग एका दुपारी त्यांनी सांगून टाकलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मूळपुरुष दाराशीच उभे राहिले, आत जायचा धीर होईना.

"वहिनी, माझ्याकडून पुसलं गेलं. सगळं."

वहिनींचा हात थांबला. त्यांनी हातातली घडी उलगडली, पुन्हा घातली.

"आवाज माझ्याच डिस्कचा होता ना?"

"हो."

"तेव्हाच थांबवलं असतं तर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. मूळपुरुषांनी ती घेतली नाही. "अर्धंअधिक वाचलं असतं."

वहिनी रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपडे कपाटात ठेवले, कपाट लावलं आणि म्हणाल्या, "त्या बाईंना कळवायला हवं. बिचाऱ्या वाट बघत असतील."

बाईंनी आपल्या परीने खूप प्रयत्न केले. जुन्या कामगारांच्या साक्षी घेतल्या, मूळपुरुषांनी लिहून दिलं, पण समिती बधली नाही. नक्षीघरात इतरही माणसं होती, मग एकीचंच नाव कसं लावायचं, असं त्यांचं म्हणणं. प्रदर्शन भरलं तेव्हा बाईंनी गाडी पाठवून दोघांना नेलं. मोठं दालन, छान उजेड, भिंतींवर वहिनींचे गालिचे. प्रत्येकाखाली पाटी: 'रचना, कारखान्याचं नक्षीघर'. वहिनी एकेका गालिच्यापुढे उभ्या राहत आणि हळूच सांगत, ही तुमच्या दादांच्या पहिल्या आजारपणातली, यातला निळा मला हवा तसा मिळालाच नाही, या पानांनी माझे डोळे घालवले. मूळपुरुष मान डोलवत. शेजारून एक जोडपं गेलं. त्यातला नवरा म्हणाला, किती जणांनी मिळून केलं असेल हे! वहिनींनी मागे वळून पाहिलं. मूळपुरुषांना तोंड उघडून ओरडावंसं वाटलं, पण ते नुसते पाटी वाचत उभे राहिले.

दैवाची थट्टा अशी की ते वर्कस्टेशन आता घड्याळासारखं चालत होतं. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा नव्या मालकांनी ते मूळपुरुषांना घेऊन जायला सांगितलं. त्यांनी ते आपल्या खोलीत आणून ठेवलं, चिपमधले आकडे सरळ केले, आणि मग त्याचं करायचं काय ते न सुचून नुसते त्याच्याकडे बघत बसले.

एकदा सकाळी वहिनी कठड्याला धरत धरत जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या वर येतच नसत. यंत्रापाशी आल्या, रुमाल काढून त्याची पाठ पुसली.

"चालतंय?"

"चालतंय."

"मग आता तरी मला माझ्या नावाचं एक खातं द्या."

मूळपुरुषांनी मान वर केली नाही. ते 'रूट' होऊन आत गेले आणि वहिनींचं नाव लिहिलं. सबंध लिहिलं, माहेरच्या नावासकट. यंत्राने खातं उघडलं आणि त्या नावाचं घर तयार झाल्याचं सांगितलं. या यंत्रांच्या भाषेत ज्याच्या त्याच्या जागेला घरच म्हणतात. त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली. वहिनी बसल्या. बोटं आता थरथरायची, एकेक अक्षर शोधायला वेळ लागत होता. पासवर्ड घालताना मूळपुरुषांनी पाठ फिरवली.

पडद्यावर वहिनींचं नाव आलं आणि त्याच्यापुढे चौकोन लुकलुकू लागला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आत काय आहे, कसं बघायचं?"

मूळपुरुषांनी सांगितलं. वहिनींनी लिहिलं, बटण दाबलं. नावाखाली पुन्हा नावच आलं. मध्ये काही नाही.

"घर नवं आहे वहिनी," मूळपुरुष कसेबसे म्हणाले. "रिकामंच असतं."

"तेव्हाच दिलं असतंत भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तर माझंही टेपवर गेलं असतं. हिशेबनिसाचे चुटकेसुद्धा टिकले."

म्हणजे त्यांना कळलं होतं. बाई हसत हसत सांगत होत्या आणि मूळपुरुष खिडकीबाहेर बघत होते, तेव्हाच कळलं होतं. तरीही त्यांनी 'निघेल का हो' असं विचारलं होतं, आणि नक्षीघरात त्यांच्याबरोबर हसल्या होत्या. मूळपुरुषांनी टेबलाची कड घट्ट धरली. "चुकलो वहिनी," ते म्हणाले. "त्या दिवशी दारातच चुकलो."

वहिनींनी हात उचलून पडद्यावरच्या आपल्या नावाला एकदा बोट लावलं.

"जेवण निवतंय," त्या म्हणाल्या. "यातून बाहेर कसं पडायचं?"

"एक्झिट लिहा."

त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, बटण दाबलं, आणि पडद्यावरून त्यांचं नाव गेलं.